दोन समांतर रेषांची किंमत

टेबल सॉच्या दहा इंची पात्याला चोवीस दात आहेत आणि ते मिनिटाला ४००० फेरे घेतंय असं धरू. म्हणजे सेकंदाला १६०० दात लाकडाला भिडतात. फळी आपण हाताने पुढे सरकवतो ती साधारण सेकंदाला ५० मिलिमीटर. भागाकार केला तर एकेका दाताच्या वाट्याला ०.०३ मिलिमीटर लाकूड येतं. माणसाच्या केसाच्या निम्म्या जाडीएवढं! आणि हा बारीकसा घास घेताना दाताचं टोक ताशी १९० किलोमीटर वेगाने धावत असतं.

घरी हौसेने सुतारकाम करणारा माणूस टेबल सॉ घ्यायला निघाला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: मोटर किती एचपीची? दुकानदारही त्याच भाषेत बोलतो. प्रश्न वावगा नाही. पण वरचा भागाकार एकदा मनात बसला की प्रश्नच बदलतात. त्याच यंत्रावर चोवीसऐवजी ऐंशी दातांचं पातं चढवा. दात जास्त, म्हणजे काम अधिक चांगलं, असं वाटतं. आता दर दाताला येतं ०.००९ मिलिमीटर. इतका पातळ पापुद्रा दाताला उचलताच येत नाही. तो लाकडाच्या अंगावरून नुसता घासत जातो, घासण्याने तापतो, आणि दोन इंची सागवानाच्या कडेवर काळे चट्टे उठतात. मालक म्हणतो, मशीनमध्ये दम नाही. दम असतो, पण दातांची गर्दी झालेली असते.

मग ऐंशी दातांची पाती बनवतात तरी कशाला? त्याचं उत्तर झाडाच्या वाढण्यात आहे. खोडातले धागे खालून वर, एकमेकांना चिकटून उभे असतात. खराट्याच्या काड्यांची घट्ट बांधलेली मोळी घ्या. काड्यांच्या दिशेने सुरी घातली तर ती दोन काड्यांच्या मधून सरसर जाते. आडवी घातली तर प्रत्येक काडी तोडावी लागते आणि शेवटच्या काड्या कडेला पिंजतात. लाकूड उभं चिरताना दाताला पटाशीसारखं काम करायचं असतं: सपाट टोकाने धागे उचलायचे, लांब सालपटं काढायची. म्हणून चिरायच्या पात्याला दात कमी आणि दोन दातांमधली खोबण मोठी, कारण सालपटांना जागा लागते. आडवं कापताना आधी छेदाच्या दोन्ही कडांचे धागे सुरीसारखे तोडायचे आणि मग मधला भाग काढायचा. म्हणून त्या पात्याचे दात पुष्कळ, आणि आलटून पालटून एक डावीकडे उतरता, एक उजवीकडे उतरता. मधल्या चाळीस-पन्नास दातांच्या पात्यावर बहुतेक घरगुती काम निभतं. माझं मत विचाराल तर एक चोवीसचं आणि एक साठचं अशी दोन पाती ठेवावीत आणि ती बदलायचा आळस करू नये.

या दातांची गोष्ट मात्र सुतारकामात सुरू होत नाही. ती विजेच्या दिव्यात सुरू होते. दिव्याची तार टंगस्टनची. हा धातू ३४०० अंश सेल्सिअसच्याही पुढे वितळतो, म्हणूनच तो दिव्यात टिकतो. पण त्याची केसासारखी तार ओढायची तर ती हिऱ्याला पाडलेल्या बारीक भोकातून ओढावी लागे. हिरे महाग, आणि पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मनीत तर फारच महाग. बर्लिनच्या ओसराम या दिवे बनवणाऱ्या कंपनीत हिऱ्याला पर्याय शोधला जात होता. तिथे कार्ल श्र्योटर यांनी टंगस्टन कार्बाइडची पूड कोबाल्टमध्ये कालवून, दाबून, भाजून एक नवाच पदार्थ घडवला आणि १९२३ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पूड कठीण, कोबाल्ट चिवट. दोन्ही मिळून कठीणही आणि थोडा मार सोसणाराही. पुढे क्रुप या पोलाद कंपनीने त्याचा परवाना घेऊन तो १९२७ च्या लाइपझिगच्या जत्रेत ‘विडिया’ या नावाने मांडला. जर्मनमधल्या ‘हिऱ्यासारखं’ या शब्दांवरून घेतलेलं हे नाव पिंपरी-चिंचवडच्या लेथवर काम करणारा माणूस आजही सहज घेतो. टेबल सॉच्या पात्यावर प्रत्येक दाताच्या टोकाला पितळी-चंदेरी सांध्याने जोडलेला करडा तुकडा दिसतो ना, तो हाच. दुकानात अशा पात्याला टीसीटी पातं म्हणतात.

आपल्याकडे या तुकड्याचं महत्त्व थोडं जास्तच, कारण आपला लाडका सागवान. सागाच्या लाकडात सिलिका असते, म्हणजे रासायनिकदृष्ट्या वाळूच. झाड मातीतून ती पाण्याबरोबर शोषतं आणि लाकडात साठवत जातं. साध्या पोलादी दाताची धार सागावर किती लवकर बोथटते हे कुठलाही सुतार सांगेल. प्लायवूडमधला कडक झालेला गोंदही असाच धारेचा वैरी. कार्बाइड दोघांनाही पुरून उरतं, पण लोखंडाला घाबरतं. पॅकिंगच्या खोक्यांचं पाइन स्वस्तात आणून त्यातला एखादा खिळा विसरला, की दाताचा तुकडा उडालाच.

दाताकडून पात्याच्या चकतीकडे आलो की आणखी एक गंमत दिसते. दहा इंच व्यासाची ही पोलादी चकती जाडीला जेमतेम दोन मिलिमीटर. कापताना तिची कड तापते आणि तापलं की पोलाद पसरतं. पण कडेला पसरायला जागा नसते, कारण आतला भाग गारच असतो. अशा वेळी कड लाटेसारखी वळते आणि पातं डुलायला लागतं. यावरचा उपाय कारागिरांनी फार पूर्वी शोधून काढला: चकतीचा मधला भाग हातोडीने ठोकून आधीच किंचित ताणून ठेवायचा. गार असताना अशा चकतीची कड उलट आखूड पडल्यासारखी घट्ट असते. वेगाने आणि उष्णतेने ती पसरली की नेमकी मापात येते. म्हणजे पातं सपाट असावं लागतं ते काम करताना. खुंटीला टांगलेलं असताना त्याच्या आत ताण दडवलेला असतो. आता हे काम दाब देणारे रूळ करतात. कडेला लेझरने कापलेल्या नागमोडी फटी दिसतात त्याही याचसाठी, कडेला पसरायला वाव मिळावा म्हणून.

शिवाय वेग स्वतःच चकतीला ताठ करतो. साध्या जाड कागदाची गोल चकती मोटरच्या दांड्यावर घट्ट बसवून जोरात फिरवली, तर लुळा कागद ताठ उभा राहतो आणि दुसरे कागदच काय, पातळ लाकूडसुद्धा कापतो. चकतीचा प्रत्येक कण बाहेर निसटू पाहतो, शेजारचे कण त्याला धरून ठेवतात, आणि त्या ओढाताणीत सगळी चकती ताणली जाते.

एवढी किमया असलेलं पातं काही हजार रुपयांत मिळतं. बिघडलं तर धार लावून घ्या, संपलं तर फेका, दुसरं आणा. यंत्राचे बाकीचे पैसे आपण मोजतो ते मुख्यतः ज्या गोष्टी अजिबात हलू नयेत त्यांच्यासाठी: टेबल, त्यातली खाच, फळीला आधार देणारा फेन्स, आणि पात्याचा दांडा ज्यावर तोललेला असतो तो सांगाडा. करवत तर सुताराकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेच. ती सरळ चालते त्याच्या डोळ्यांमुळे आणि खांद्यामुळे. टेबल सॉने ती सरळ रेषा माणसाच्या अंगातून काढून लोखंडात बसवली. आपण विकत घेतो ती ही रेषा.

गोल करवतीचा उल्लेख इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टनच्या सॅम्युएल मिलर यांच्या १७७७ च्या पेटंटमध्ये सापडतो. पुढे पोर्ट्‌समथच्या गोदीत मार्क ब्रुनेल यांनी शिडाच्या जहाजांना लागणाऱ्या लाकडी कप्प्या बनवायला यंत्रांची मालिका उभारली. हेन्री मॉड्सली यांनी ती लोखंडात घडवली आणि १८०८ च्या सुमारास तिथून वर्षाला १,३०,००० कप्प्या बाहेर पडू लागल्या. पूर्वी जे काम शंभरावर निष्णात कारागीर करत, ते दहा साधे मजूर करू लागले. कारण नेमकेपणा कारागिराच्या हातातून यंत्राच्या चौकटीत गेला होता. निष्णात कारागिरांना याचं काय वाटलं असेल, हा वेगळ्या लेखाचा विषय.

आता ही रेषा दुकानात ओळखायची कशी? पात्याला समांतर उभी राहणारी आणि डावी-उजवी सरकणारी पट्टी म्हणजे फेन्स. फळी तिला टेकवून पुढे ढकलायची, म्हणजे फेन्स आणि पातं यांच्यामधलं अंतर हीच फळीची रुंदी. फेन्सची कळ दाबून तो पक्का करा आणि त्याचं मागचं टोक बोटाने बाजूला रेटून पाहा. हललं तर ते यंत्र तिथेच सोडा, मोटर कितीही एचपीची असो. पूर्वीचे पुष्कळ फेन्स पुढून आणि मागून, दोन्हीकडे पकडावे लागत, आणि घाईत एक टोक आधी पकडलं गेलं की तिरके बसत. अमेरिकेत ॲरिझोनाच्या बिल बीझमायर यांनी चित्रकलेच्या टी-स्क्वेअरसारखा, फक्त पुढच्या नळीवर रुंद डोक्याने पकड घेणारा फेन्स लोकप्रिय केला. डोकं रुंद, म्हणून तो कसाही सरकवला तरी पकडताना आपसूक काटकोनात येतो. लहान, उचलून नेता येणाऱ्या यंत्रांवर दातेरी पट्टी आणि चाकाने दोन्ही टोकं एकदम सरकवणारी रचना मिळते. तीही छान. हलक्या यंत्रात पैसे टाकायचेच तर या रचनेसाठी टाकावेत.

दुसरी तपासणी खाचेची. टेबलावर पुढून मागे गेलेली एक खाच असते. मायटर गेज तिच्यातून सरकतो आणि फळी आडवी कापायला आधार देतो. ही खाच पात्याला समांतर हवी, आणि समांतर म्हणजे पुढच्या-मागच्या अंतरात ०.१ मिलिमीटरहून अधिक फरक नको. मोजायची रीत फार सुंदर आहे. पात्याच्या एका दातावर पेनाने खूण करा, तो दात पुढे आणून खाचेपासूनचं अंतर मोजा. मग पातं हाताने फिरवून तोच दात मागे न्या आणि पुन्हा मोजा. अर्थात प्लग काढूनच. दोन वेगवेगळे दात मोजले तर पातं किंचित वाकडं असल्यास ते फसवतं. तोच दात दोन्हीकडे नेला की पात्याचा वाकडेपणा हिशेबातून आपोआप बाहेर पडतो आणि उरतो तो फक्त यंत्राचा दोष. सदोष पट्टीने निर्दोष मोजमाप करायची ही युक्ती आहे, आणि मला ती अख्ख्या यंत्राहून जास्त आवडते.

दोष सापडला तर तो काढायची सोय कुठे आहे, यावर यंत्रांची जातच ठरते. मोठ्या, कपाटासारख्या बंद पेटीवर बसवलेल्या यंत्रात पात्याचा सांगाडा पेटीला जोडलेला असतो. टेबलाचे चार बोल्ट सैल करून टेबलच किंचित फिरवलं की काम झालं. हलक्या यंत्रांत सांगाडा टेबलाच्या पोटाला लटकलेला असतो आणि तिथे हात घालून बोल्ट हलवताना सोसायटीतल्या लोकांनी ऐकू नयेत असे शब्द तोंडून निघतात. टेबलाचा धातूही महत्त्वाचा. बिडाच्या टेबलात ग्राफाइटचे सूक्ष्म पापुद्रे असतात, ते कंपनं गिळतात. अॅल्युमिनियमचं टेबल हलकं आणि न गंजणारं, पण जास्त थरथरतं. कोकणात किंवा मुंबईत बिडाचं टेबल घेणाऱ्याने पावसाळ्याआधी त्यावर मेण चोळायची सवय लावून घ्यावी, नाहीतर ऑगस्टपर्यंत त्याच्यावर गंजाचा नकाशा उमटतो.

रेषा समांतर नसल्या तर फळी वाकडी कापली जाते, एवढ्यावर भागत असतं तर ठीक होतं. पण पात्याचे पुढचे दात वरून खाली येतात आणि फळीला टेबलावर दाबतात; मागचे दात खालून वर उठतात. फेन्स मागच्या बाजूला पात्याकडे झुकलेला असेल, तर कापून झालेली फळी त्याच्यात आणि मागच्या दातांत चिमटली जाते. मग ते दात तिला उचलतात, पात्याच्या माथ्यावर चढवतात, आणि माथ्याची दिशा असते थेट चालवणाऱ्याकडे. ताशी १९० किलोमीटरच्या वेगाचा मोठा हिस्सा त्या फळीला मिळतो. याला किकबॅक म्हणतात. तो इतक्या झटक्यात होतो की डोळ्यांनी पाहून हात मागे घेणं शक्यच नसतं, आणि फळीवर टेकलेला हात कधी कधी तिच्याबरोबर पात्यावर ओढला जातो.

फेन्स अगदी सरळ असला तरी लाकूड स्वतः चिमटा काढू शकतं. वाढताना वाऱ्याने, उताराने, फांद्यांच्या वजनाने झाडात ताण साठतात. भट्टीत सुकवतानाही साठतात. फळी चिरली की ते मोकळे होतात. कधी दोन तुकडे एकमेकांपासून फाकतात, कधी एकमेकांकडे वळून पात्याला घट्ट धरतात. हे बाहेरून दिसत नाही. म्हणून पात्याच्या मागे, दातांना जवळजवळ चिकटून, उभा असतो रायव्हिंग नाइफ: वक्र पोलादी पट्टी, पात्याबरोबर वर-खाली होणारी, पात्याबरोबर कलणारी. ती काहीच कापत नाही. फक्त नुकत्याच पडलेल्या फटीत उभी राहते आणि फट मिटू देत नाही. तिची जाडी चकतीपेक्षा जास्त आणि दातांच्या छेदापेक्षा कमी असावी लागते. नवं, पातळ छेदाचं पातं आणताना हे पाहिलं नाही तर फळी अर्ध्यात अडकते आणि मग लोक ती पट्टीच काढून माळ्यावर टाकतात. युरोपात ही पट्टी फार आधीपासून रूढ होती. अमेरिकेतल्या नव्या यंत्रांवर ती २००८ च्या आसपास सरसकट दिसू लागली. आपल्याकडे रंध्याच्या यंत्राला कडेने गोल करवत जोडलेली जोडयंत्रं मिळतात. ती वजनदार, दणकट आणि स्वस्त असतात, पण पुष्कळांवर ही पट्टी नसते आणि पात्यावरचं झाकणही नसतं. हातातली गोल करवत प्लायखाली उलटी टांगून केलेलं घरगुती टेबलही त्याच माळेतलं. त्यावर काम होतं, नाही असं नाही. घरच्या माणसाने, एकट्याने, सुट्टीच्या दिवशी त्यावर काम करू नये असं मला वाटतं.

बोटं वाचवण्याच्या बाबतीत एक माणूस फार पुढे गेला. स्टीव्ह गॅस हे अमेरिकेतल्या ओरेगनमधले पेटंटचे वकील, शिक्षणाने भौतिकशास्त्राचे डॉक्टर आणि हौसेने सुतार. अमेरिकेत टेबल सॉमुळे दर वर्षी सुमारे तीस हजार जखमा दवाखान्यांत येतात. १९९९ मध्ये गॅस यांच्या मनात आलं की लाकूड वीज वाहू देत नाही आणि माणूस वाहू देतो, मग पात्याला हा फरक का कळू नये? त्यांनी पात्यातून एक क्षीण विद्युतसंकेत सोडला. लाकूड लागलं तर संकेत तसाच राहतो. त्वचा लागली की बदलतो. बदल कळताक्षणी एक बारीक तार जाळली जाते, तिने अडवून ठेवलेली स्प्रिंग सुटते आणि अॅल्युमिनियमचा ठोकळा फिरत्या दातांत घुसतो. पातं पाच मिलिसेकंदांच्या आत थांबतं, म्हणजे फेऱ्याचा तिसरा हिस्साही पुरा होत नाही, आणि त्याच धक्क्याने टेबलाखाली खेचलं जातं. सुरुवातीच्या चाचण्या त्यांनी सॉसेजवर केल्या. पण सॉसेजवरून माणसं पटत नाहीत, म्हणून शेवटी स्वतःचं बोट पात्याला लावून पाहिलं. बोट वाचलं. ‘सॉस्टॉप’ नावाने ही यंत्रं २००४ पासून विकली जाऊ लागली. ठोकळा आणि पातं दोन्ही त्या एका झटक्यात बाद होतात आणि ओलं लाकूड कधी कधी यंत्राला फसवतं, एवढी त्याची किंमत. आपल्या बाजारात घरगुती गटात दिसणाऱ्या बहुतेक यंत्रांत ही सोय नाही. ती येईतोवर झाकण, रायव्हिंग नाइफ आणि ढकलायची काठी या तिघांवर भिस्त. हातमोजे मात्र घालू नयेत. दात कापडाला धरतात आणि हात ओढून नेतात.

आता त्या एचपीच्या प्रश्नाकडे वळू, कारण त्यातही गंमत आहेच. हलक्या यंत्रातली मोटर कार्बन ब्रशची. ती आतून मिनिटाला वीसेक हजार फेरे घेते, गिअरने वेग उतरवते आणि कानठळ्या बसवते. वजनदार यंत्रात इंडक्शन मोटर असते. तिचा वेग कारखान्याने नव्हे, तर विजेने ठरवलेला. आपल्याकडे वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते. दोन ध्रुवांच्या मोटरमध्ये चुंबकक्षेत्र त्यामुळे मिनिटाला ३००० वेळा फिरतं आणि मोटरचा गाभा त्याच्या मागे धावतो. थोडा मागेच राहतो, आणि हे मागे राहणंच त्याला ताकद देतं. बरोबरीने धावला तर जोरच उरणार नाही. ३१ डिसेंबर २०१३ ला दक्षिणेचं जाळं जोडलं गेल्यापासून देशाचं सगळं वीजजाळं एकाच ठेक्यावर चालतं. कोथरूडच्या गॅरेजमधलं पातं, कोयनेचं जनित्र आणि तमिळनाडूतल्या एखाद्या केंद्राचं जनित्र, सगळी एकाच तालावर! न्यू जर्सीहून परतताना तिथला जुना टेबल सॉ कंटेनरमध्ये घालून आणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. ट्रान्सफॉर्मरने १२० व्होल्टची अडचण सुटते, ६० हर्ट्झची सुटत नाही. इंडक्शन मोटर इथे सहाव्या हिश्शाने हळू फिरते आणि जास्त तापते. ब्रशच्या मोटरला त्याचं फारसं सोयरसुतक नसतं.

घरातल्या १६ अँपिअरच्या प्लगवर १८००-२००० वॉटचं यंत्र सुखाने चालतं आणि योग्य पातं असेल तर दोन इंची साग चिरायला तेवढं पुरतं, फळी जरा सावकाश ढकलायची इतकंच. तीन एचपीची इंडक्शन मोटर चालू असताना तेरा-चौदा अँपिअर घेते, पण सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या पाच-सहा पट ओढते. घरातले दिवे लुकलुकतात आणि साधा एमसीबी पडतो. स्वतंत्र वायरिंग आणि सी प्रकारचा एमसीबी हा खर्च मग यंत्राच्या किमतीतच धरावा. थ्री-फेज कनेक्शनच्या मागे घरगुती कामासाठी लागू नये.

जागेचा हिशेब तर बहुतेक जण करतच नाहीत. प्लायची आठ फुटी शीट उभी चिरायची तर पात्याच्या अलीकडे आठ फूट आणि पलीकडे आठ फूट मोकळे लागतात, मध्ये यंत्र. म्हणजे अठरा फूट. दहा बाय बाराच्या खोलीत कितीही महागडा टेबल सॉ आणला तरी तो ती शीट कापणार नाही. ती दुकानातूनच कापून आणावी, किंवा जमिनीवर थर्माकोल अंथरून हातातल्या गोल करवतीने, सरळ पट्टीच्या आधाराने कापावी. म्हणजे टेबल सॉ लहान घेतला तरी चालतो, आणि लहान यंत्रात चांगला फेन्स परवडतो. अमेरिकेतले व्हिडिओ पाहून रुंद खाच पाडणारं डाडो पातं लावायचा मोह झाला असेल, तर आधी दांड्याची लांबी पाहा. युरोपीय धाटणीच्या यंत्रांत तो मुद्दाम आखूड असतो. पात्याचं भोक २५.४ मिलिमीटरचं की ३० चं, हेही त्याच वेळी पाहून ठेवावं.

भुशाचा विषय कंटाळवाणा, पण टाळू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाची धूळ निश्चित कर्करोगकारकांच्या यादीत घातली. जमिनीवर पडलेला भुसा निरुपद्रवी. हवेत तरंगणारा, न दिसणारा तो घातक. यंत्राच्या बुडाला भुसा ओढून घ्यायचं तोंड आहे ना, आणि पात्याखालचा भाग बंदिस्त आहे ना, एवढं पाहिलं की अर्धी लढाई संपते. उरलेली अर्धी मास्कची. आवाज शंभर डेसिबलच्या आसपास असतो, तेव्हा कानांवर मफ हवेतच. रविवारी दुपारी दोन ते चार कापू नये, हे भौतिकशास्त्र नव्हे, पण पुण्यात त्याहून पक्कं.

यंत्र घरी आलं, खाच तपासली, फेन्स लावला, की फर्निचरला हात लावण्याआधी प्लायचा एक टाकाऊ चौकोन घ्या, साधारण ४०० मिलिमीटरचा. मायटर गेजला, किंवा खाचेतून सरकणारा पाट केला असेल तर त्याला टेकवून एक बाजू कापा. कापलेली बाजू गेजला लावून चौकोन वळवा, दुसरी कापा. तिसरी, चौथी. प्रत्येक वेळी नुकतीच कापलेली बाजूच आधाराला. काटकोन एका केसाने चुकला असेल तर ती चूक दर वळणावर पुढे जाते आणि साठते. पाचव्यांदा पुन्हा पहिलीच बाजू कापा, या वेळी बोटभर रुंदीची पट्टी निघेल अशी. त्या पट्टीची दोन्ही टोकं व्हर्नियरने मोजा. त्यांच्या रुंदीतल्या फरकात चूक चौपट होऊन बसलेली असते. समजा एक टोक २०.४ मिलिमीटर आणि दुसरं २० भरलं, तर ०.४ भागिले चार: दर छेदाला ४०० मिलिमीटरमागे ०.१ ची चूक. काटकोन तपासायच्या गुण्याला जी कधी दिसली नसती, ती चूक यंत्राने स्वतःच मोठी करून हातात दिली. गेजची मळसूत्रं किंचित फिरवा आणि पुन्हा पाच छेद घ्या. भागून आलेला आकडा ०.०५ च्या खाली उतरला की सागाला हात लावायला हरकत नाही.